साक्षीची पारख

रावेतला पवना नदीवर बंधारा आहे. तिथून उचललेले पाणी निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जाते आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोचते. सकाळी नळाखाली भांडे धरणारा माणूस ते पाणी प्रयोगशाळेत तपासून घेत नाही. तपासणारे कुणीतरी आहे आणि ते आपले काम नीट करते, एवढ्या भरवशावर तो ते पितो. हा भरवसा आंधळा नाही. एखाद्या दिवशी पाणी गढूळ आले किंवा वास मारू लागले, तर तोच माणूस पिणे थांबवतो, शेजाऱ्याला विचारतो, पाणी उकळून घेतो. चाकणच्या एखाद्या कारखान्यात सुट्या भागाचे माप घेणाऱ्या कामगाराचेही तेच. तो हातातल्या गेजवर विसंबतो. ते गेज मास्टर गेजशी ताडून पाहिलेले असते, मास्टर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेले असते आणि त्या प्रयोगशाळेचे माप शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेल्या मानकापर्यंत जाऊन पोचते. कामगाराने ते मानक कधी पाहिलेले नसते. साखळीतल्या प्रत्येक कडीने मागच्या कडीविषयी दिलेली साक्ष मात्र कॅलिब्रेशनच्या दाखल्याच्या रूपाने त्याच्यासमोर असते. दाखल्याची मुदत संपली असेल तर तो गेज बाजूला ठेवतो.

आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला फार मोठा भाग असा दुसऱ्याच्या सांगण्यावर उभा असतो. आपली जन्मतारीखसुद्धा आपण आईच्या आणि दाखल्याच्या साक्षीवरच मानतो. भारतीय तर्कशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण, याचे उत्तर वात्स्यायनाने आपल्या भाष्यात दिले आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्याने पुढे आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. साक्षीदाराचे कूळ कोणते हे विचारायचे नाही. त्याला माहीत होते का आणि तो खरे सांगतो आहे का, हे दोनच प्रश्न विचारायचे.

ख्रिस्ती धर्माचा पाया तपासायला ही कसोटी मला सर्वांत योग्य वाटते, कारण हा धर्म मुळात एका साक्षीवर उभा आहे. रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या काळात, इ.स. ३० च्या सुमारास, यरुशलेमेत नासरेथच्या येशूला क्रुसावर खिळले, तो मेला, त्याला पुरले, आणि नंतर तो जिवंत असल्याचे काही विशिष्ट माणसांनी पाहिले. हे सांगणे खरे असेल तर बाकीच्या गोष्टी बोलण्यात अर्थ आहे. ते खोटे असेल तर सगळे व्यर्थ आहे, असे पौल या प्रेषितानेच करिंथकरांना स्पष्ट लिहून ठेवले आहे. धर्माच्या मूळ प्रचारकानेच आपला धर्म कशाने खोटा ठरेल हे सांगून ठेवावे, याला मी फार महत्त्व देतो. जो दावा खोटा ठरू शकतो, तोच तपासता येतो.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा मुंबईतला वाद १८३१ चा. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी खुल्या मैदानात वाद करत होते. पण या साऱ्यात सर्वांत खोल गेलेला माणूस मराठी असूनही महाराष्ट्राबाहेर वाढला. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळच्या काशीपुऱ्याचा, घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे, शिक्षण काशीचे. १८३९ मध्ये जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. खरा धर्म ओळखण्याच्या तीन खुणा त्याने सांगितल्या: संस्थापकाच्या ठायी चमत्काराचे सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता आणि सर्व मानवांना मोकळे असणे. त्याला पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतले सर्वांत तल्लख उत्तर, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४-४५ च्या सुमारास नीळकंठशास्त्र्यांनी लिहिले. तेव्हा ते विशीच्या आसपास होते. आणि याच नीळकंठशास्त्र्यांनी १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव घेतलेले फादर गोरे पुढे पुण्यात पंचहौद मिशनच्या पाद्र्यांबरोबर राहिले, आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले.

नीळकंठशास्त्र्यांनी ख्रिस्ती होण्याआधी घेतलेले आक्षेप हे ख्रिस्ती विश्वासावर मराठी माणसाने घेतलेल्या सर्वांत बळकट आक्षेपांपैकी आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. त्यांचा पहिला मुद्दा बुद्धीच्या मर्यादेचा होता. धर्माचे मूळ श्रद्धा. श्रद्धा एकदा बसली की माणूस आपल्या शास्त्राला अनुकूल असा तर्क शोधून काढतोच, आणि परक्याच्या शास्त्रात दोषही काढतो. दुसरा मुद्दा चमत्कारांचा. चमत्काराच्या कथा सर्वच धर्मांत आहेत. मग ख्रिस्ताचे चमत्कार खरे आणि इतरांचे खोटे, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? तिसरा मुद्दा न्यायाचा. जन्मापासून दिसणारी विषमता, मुक्या प्राण्यांचे हाल, चार दिवसांच्या पापाला न संपणारी शिक्षा, हे सारे करणाऱ्या ईश्वराला दयाळू कसे म्हणायचे?

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे म्यूरची चूक होती आणि नीळकंठशास्त्री बरोबर होते. म्यूरने चमत्काराला पुराव्याच्या जागी बसवले. पण चमत्कार हा पुरावा होऊ शकत नाही. चमत्कारालाच पुरावा लागतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी आंधळ्याला डोळे दिले, असे ग्रंथात लिहिलेले वाचून आजच्या वाचकासमोर चमत्कार येत नाही, चमत्काराविषयीचे सांगणे येते. म्हणून पहिला प्रश्न सांगणाऱ्याविषयीचा असला पाहिजे: किती लवकर सांगितले, कुणी सांगितले, सांगून त्याच्या पदरी काय पडले. ही पट्टी सर्व धर्मांना सारखी लावली पाहिजे, आणि सर्वांत आधी ख्रिस्ती कथांना. मध्ययुगातल्या कितीतरी ख्रिस्ती संतांच्या चमत्कारकथा त्यांच्या मृत्यूनंतर फार उशिरा, त्यांच्या समाधीकडे यात्रेकरू यावेत म्हणून लिहिल्या गेल्या आहेत. त्या या पट्टीवर टिकत नाहीत आणि त्या सोडून देण्याने ख्रिस्ती विश्वासाचे काहीच बिघडत नाही.

येशूच्या पुनरुत्थानाची साक्ष मात्र वेगळ्या जातीची आहे. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यानचे आहे, आणि ते पौलाचेच आहे याविषयी अभ्यासकांत, अगदी नास्तिक अभ्यासकांतही, वाद नाही. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल एक यादी देतो: केफा म्हणजे पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक लोक, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असे तो मुद्दाम सांगतो, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि शेवटी तो स्वतः. हे सांगणे मला मिळाले तेच मी तुम्हाला दिले, असे तो म्हणतो. म्हणजे ही यादी पत्रापेक्षा जुनी आहे. ती त्याला केव्हा मिळाली असावी? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की मन पालटल्यानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमेस गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीतली दोन नावे इथे समोरासमोर येतात. क्रुसानंतर जेमतेम पाच-सहा वर्षांत पौल त्या घटनेचा दावा करणाऱ्या दोघांशी बोलला होता. प्राचीन काळातल्या फार थोड्या घटनांविषयी आपल्याजवळ इतक्या जवळून आलेली लेखी साक्ष आहे. कॅलिब्रेशनच्या भाषेत बोलायचे तर ही साखळी दोन कड्यांची आहे.

आता वात्स्यायनाचे दोन प्रश्न विचारू. दुसरा आधी घेतो: हे लोक खरे सांगत होते का? याकोब पाहा. येशू हयात असताना त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, हे शुभवर्तमानांनीच नोंदवले आहे. आपल्या गुरूच्या घरातल्यांनीच त्याला मानले नाही, अशी कमीपणाची गोष्ट कुणी शिष्य उगाच रचत नाही. तोच याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा प्रमुख झालेला दिसतो. आणि इ.स. ६२ मध्ये मुख्य याजक अनानस याने त्याला दगडमार करून मारवले, हे सांगणारा ख्रिस्ती माणूस नाही. ते योसेफस या यहुदी इतिहासकाराने इ.स. ९३ च्या सुमारास लिहून ठेवले. पौल तर आधी या पंथाचा छळ करणारा होता. या माणसांना त्यांच्या साक्षीतून सत्ता मिळाली नाही, धन मिळाले नाही. मार, तुरुंग आणि मरण मिळाले. यावर लगेच म्हटले जाते की खोट्या गोष्टीसाठीही माणसे मरतात. मरतात, आणि आजही मरत आहेत. पण ती माणसे ती गोष्ट खरी मानून मरतात. मरणाने साक्ष खरी ठरत नाही. साक्षीदार लबाड नव्हता, एवढे ठरते. आप्ताच्या लक्षणातला एक भाग त्याने भागतो, दुसरा शिल्लक राहतो.

तो उरलेला भाग अधिक अवघड आहे: त्यांना जे दिसले ते खरोखर होते का? गेर्ड ल्यूडेमान या जर्मन अभ्यासकाने पुनरुत्थान नाकारले, पण शिष्यांना काहीतरी दिसले हे त्याने मान्य केले, आणि ते दर्शन मनाचा खेळ होता असे म्हटले. हा आक्षेप हलका नाही. गेलेले माणूस स्वप्नात आले, दाराशी उभे दिसले, असे सांगणारी माणसे प्रत्येक गावात भेटतात आणि ती खोटे बोलत नसतात. पण अशा दर्शनातून घरचे लोक काय निष्कर्ष काढतात ते पाहावे. गेलेला माणूस सुखात आहे, त्याचा जीव कशात तरी अडकला आहे, असे ते म्हणतात. तो मेलेला नाही, असे कुणी म्हणत नाही. पहिल्या शतकातल्या यहुदी माणसाजवळही त्यासाठी शब्द तयार होते: त्याचा आत्मा, त्याचा देवदूत. पुनरुत्थान हा शब्द त्यांनी युगाच्या शेवटी सर्वांच्या उठण्यासाठी राखून ठेवला होता. मधेच एकट्याच माणसाचे उठणे त्यांच्या अपेक्षेत बसतच नव्हते. अपेक्षेतून भास होतात. जिची अपेक्षाच नव्हती त्या गोष्टीचा भास इतक्या वेगवेगळ्या माणसांना, गटागटाने झाला, हे समजावून सांगणे सोपे नाही. पौलाच्या बाबतीत तर शोकही नव्हता, होता तो द्वेष.

शुभवर्तमानांतला एक तपशील मला या संपूर्ण वादात फार बोलका वाटतो. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली, आणि त्यांत मग्दालिया मरिया हिचे नाव चारही ठिकाणी आहे. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीची साक्ष विश्वासार्ह मानत नसत. योसेफसने तसे लिहिलेच आहे. दुसऱ्या शतकात सेल्सस या ग्रीक टीकाकाराने नेमकी हीच जागा धरली आणि भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर उभा धर्म म्हणून थट्टा केली. ज्याला कथा रचायची आहे तो साक्षीदार म्हणून पेत्राला उभे करील, मरियेला करणार नाही. जे अडचणीचे होते ते त्यांनी लिहिले, कारण तसेच घडले होते, हे सर्वांत साधे स्पष्टीकरण आहे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, तेव्हाही एका बाईचे सांगणे सरकारदरबारी ऐकले जाणे ही महाराष्ट्राला नवलाची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकात जे नवल होते, ते पहिल्या शतकात किती अडचणीचे असेल!

शुभवर्तमानांत आपसात मेळ नाही, हा आक्षेप खरा आहे. कबरेपाशी किती स्त्रिया होत्या, देवदूत एक की दोन, शिष्यांना दर्शन गालीलात झाले की यरुशलेमेत, या बाबतीत चौघे वेगवेगळे सांगतात. ओढूनताणून हा मेळ घालणारी पुस्तके ख्रिस्ती लोकांनी लिहिली आहेत. त्यांनी पुराव्याची सेवा केली असे मला वाटत नाही. ज्या न्यायाधीशासमोर चार साक्षीदारांनी शब्दन्‌शब्द एकच जबानी दिली, त्याला आधी पढवल्याचा संशय येतो. गाभा एक आणि कडा वेगळ्या, हे स्वतंत्र साक्षीचे रूप आहे. मजकुराच्या शुद्धतेविषयीही हेच म्हणता येते. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत पाठभेद असंख्य आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहानातली व्यभिचारी ठरवलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. ही गोष्ट ख्रिस्ती अभ्यासकांनीच शोधली आणि आजच्या आवृत्त्यांत तशी टीप छापली जाते. पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडला, आणि क्रुसावर दिलेल्या माणसाच्या टाचेचे, खिळा अडकलेले हाड १९६८ मध्ये यरुशलेमेजवळ सापडले. या वस्तूंनी पुनरुत्थान सिद्ध होत नाही. साक्षीदार ज्या जगाविषयी बोलत होते ते जग खरे होते, एवढेच त्या सांगतात. तेवढ्यापुरते त्यांचे मोल आहे.

सर्वांत खोल आक्षेप डेव्हिड ह्यूमचा, १७४८ चा. निसर्गनियमाच्या बाजूने सर्व मानवजातीचा अनुभव उभा असतो, म्हणून चमत्काराविषयीची साक्ष खोटी असण्याची शक्यता ती खरी असण्यापेक्षा नेहमीच जास्त. महाराष्ट्रात हीच भूमिका आगरकरांच्या परंपरेने जोपासली आणि १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ती गावोगाव नेली. या चळवळीविषयी मला आदर आहे. औषध बंद करा, प्रार्थनेने बरे व्हाल, असे सांगणाऱ्या ख्रिस्ती सभा जिथे भरतात तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू झालाच पाहिजे, आणि ख्रिस्ती माणसाने तो लागू करायला स्वतः पुढे यावे. पण ह्यूमचा युक्तिवाद नीट पाहिला तर त्याच्या पोटात एक गृहीत आहे: निसर्गापलीकडे कुणी नाही. मेलेला माणूस आपोआप उठत नाही, हे पहिल्या शतकातल्या माणसालाही पक्के ठाऊक होते. अथेन्सच्या काही लोकांनी पौलाचे बोलणे ऐकून थट्टा केली, आणि करिंथातल्या मंडळीतही काहींना मृतांचे उठणे पटत नव्हते, म्हणून तर पौलाच्या पत्रातला तो पंधरावा अध्याय लिहिला गेला. दावा कधीच असा नव्हता की मेलेली माणसे उठतात. दावा असा होता की ईश्वराने या एकाला उठवले. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न खुला ठेवला तर साक्ष तोलता येते; तो आधीच मिटवला तर कितीही साक्षी आणल्या तरी तराजूचा काटा हलणार नाही. आणि ईश्वर मानणे हे बुद्धीला सोडून देणे आहे असेही नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त अनुमानाच्याच वाटेने ईश्वर सिद्ध करण्याचा यत्न केला. त्यांचे सगळे अनुमान पटो न पटो, हा प्रश्न तर्काच्या कक्षेतला आहे, हे भारतीय परंपरेनेच मान्य केले आहे.

राहिला न्यायाचा मुद्दा, आणि इथे मी वाचकाला पुरे समाधान देऊ शकत नाही. जगातल्या दुःखाचा हिशेब ख्रिस्ती तत्त्वज्ञानाने पूर्ण लावलेला नाही. कर्मविपाकाच्या सिद्धांताने तो लावला आहे असे नीळकंठशास्त्र्यांना तरुणपणी वाटे. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ या १८६० च्या हिंदी ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांची तर्काने चिकित्सा केली. न संपणाऱ्या शिक्षेच्या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळीत प्राचीन काळापासून दुमत आहे, आणि फादर गोऱ्यांच्या मनातही बाप्तिस्म्यानंतर शंका येत राहिल्या. पण पुराव्याचा युक्तिवाद इथे एक गोष्ट करू शकतो. पुनरुत्थानाची साक्ष खरी असेल, तर ज्याला ईश्वराने उठवले तो निरपराध असून हाल होऊन मेलेला माणूस होता. म्हणजे दुःखाविषयी ईश्वराची भूमिका प्रेक्षकाची नाही, हे एका घटनेतून कळते. दुःख का आहे याचे हे उत्तर नाही. मात्र उत्तर न देणाऱ्यावर भरवसा टाकावा की नाही, याला त्याने आधार मिळतो.

नीळकंठशास्त्र्यांचा पहिला मुद्दा शेवटी घेतला, कारण तो सगळ्यांच्या मुळाशी आहे: श्रद्धा आधी, तर्क मागून. यात मानवी स्वभावाचे खरे निरीक्षण आहे. स्वतः नीळकंठशास्त्र्यांच्या मनाची पकड प्रथम मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाने घेतली. पुढे नारायण वामन टिळकांचेही तसेच झाले. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, त्याच प्रवचनापाशी त्यांचे मन अडकले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रावेतहून जवळच असलेल्या देहूच्या तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्ताकडे आणले, असे टिळक मानत. म्हणजे ओढ आधी लागली, हे खरे. पण ओढ लागली म्हणून चौकशी खोटी ठरत नाही. मुलीसाठी स्थळ पाहणारे घर मुलगा आवडला तरी चौकशी करते. नोकरी काय, व्यसन काय, माणसे कशी. चौकशीने लग्न लागत नाही. तिथे शेवटी शब्द द्यावा लागतो, आणि तो शब्द चौकशीच्या कागदात लिहिलेला नसतो. पण चौकशीविना दिलेला शब्द बेजबाबदार असतो. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्माला ‘विश्वास’ म्हणतो, आणि मराठीत विश्वास ठेवायचा असतो, टाकायचा असतो, कुणावर तरी. तो माणसावर ठेवण्याचा शब्द आहे. पिन्खास लापिदे या सनातनी यहुदी अभ्यासकाने १९७७ मध्ये येशूचे पुनरुत्थान ऐतिहासिक घटना म्हणून मान्य केले, आणि तो शेवटपर्यंत यहुदीच राहिला. पुरावा मान्य करणे आणि विश्वास ठेवणे यांत किती अंतर आहे, हे त्याच्या उदाहरणावरून स्वच्छ दिसते.

हे अंतर पंडिता रमाबाईंनी सर्वांत धीराने चालून पार केले. फादर गोऱ्यांच्या लिखाणाचा त्यांच्यावर परिणाम झाला. ईश्वर प्रेमळ पिता आहे ही गोष्ट ब्राह्मोसमाजी लोक निव्वळ बुद्धीने सापडली म्हणून सांगतात, पण निसर्ग पाहून कुणाला ती सापडत नाही, ती प्रकटीकरणातून आलेली आहे, असे गोऱ्यांचे म्हणणे होते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लगेच त्या आपल्याच गुरूंशी पत्रांतून वाद घालू लागल्या. त्रैक्याची शिकवण, येशूचा अलौकिक जन्म, कोणताही मुद्दा केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्यांनी नकार दिला. त्यांना शिकवणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना हा हट्ट वाटला; मला त्यात वात्स्यायनाची शिस्त दिसते. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये छापून निघाले.

ख्रिस्ती धर्म परक्या राज्यकर्त्याचा धर्म म्हणून आला, यावरून काही वाचकांचे मन या सगळ्या युक्तिवादापाशी अडून राहते, आणि त्यात काही चूक नाही. म्यूर सरकारी अधिकारी होता, हे विसरून त्याचे पुस्तक वाचता येत नाही. पण साक्ष आणणारा कोण हा प्रश्न वेगळा आणि साक्ष देणारा कोण हा वेगळा. मरिया, पेत्र, याकोब, पौल यांपैकी कुणीही राज्यकर्ता नव्हता. रोमन साम्राज्याच्या टाचेखाली राहणारी ती माणसे होती. आणि सगळी कागदपत्रे आता मराठीत आहेत. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे, एका बैठकीत वाचून होते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय त्यानंतर वाचावा. मनात नीळकंठशास्त्र्यांचे तिन्ही आक्षेप जागे ठेवून वाचावा, आणि जिथे साक्ष पटणार नाही तिथे खुशाल खूण करून ठेवावी.